पाण्याचा पेला

आवडत्या व्यक्तीवर लिही, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला आणि मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. मराठीच्या तासाला रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ आपण पाठ केली होती. आमच्या ख्रिस्ती घरात मात्र कवीपेक्षा त्यांच्या पत्नीचंच नाव जास्त निघायचं. आजीच्या बायबलशेजारी ‘स्मृतिचित्रे’ असायचं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. गाव गोदावरीच्या काठी. तीच गोदावरी पुढे आपल्या गंगाखेडला येते. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की सारं घर त्याखाली दबलेलं. लग्न लहानपणीच झालं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे.

फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात. आपल्याकडे पंढरपूर म्हटलं की वारी आठवते. त्यांनी तिथे नवरा हयात असताना एकटीचे दिवस काढले.

पुढे संसार पुन्हा जुळला, पण त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीही बळजबरी केली नाही. मग त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: जाती देवाने केल्या की माणसाने? पुष्कळ विचारांती त्यांचं उत्तर ठरलं, माणसाने. तसं असेल तर विटाळ कसला? त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं आणि ते पाळलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे आधी पाण्याचा पेला बदलला, मग धर्म.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे दुष्काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी घरात घेतली, अहमदनगरला प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. टिळक हाती येईल ते वाटून टाकायचे आणि घर चालवायचं यांनी. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ या न शिकलेल्या बाईंनी पुढे लिहिलं. आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची फजिती लपवली नाही, की स्वतःला संत ठरवलं नाही. १९३६ मध्ये त्या वारल्या.

आता माझं सांगते. मी रविवारी न चुकता चर्चला जाते, तरुणांच्या सभेत साक्षही दिली आहे. माझ्या फ्लॅटमध्ये कामाला येणाऱ्या मावशींचा कप मात्र कित्येक वर्षं वेगळा होता, सिंकखाली पालथा घातलेला. कोणी ठरवून ठेवला नव्हता आणि कोणी हलवलाही नव्हता. गेल्या वर्षी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना पाण्याच्या त्या प्रसंगाशी आले आणि पुस्तक मिटलं. जे सव्वाशे वर्षांपूर्वी एका सोवळ्यातल्या बाईने मनाशी भांडून सोडलं, ते मी प्रार्थना म्हणत म्हणत सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी मावशींना आमच्याच कपात चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपला जुना कप शोधायला त्या सिंकखाली वाकल्या. ते वाकणं डोळ्यांपुढून जात नाही. आता आम्ही दोघी टेबलाशी बसून चहा घेतो. पहिले काही दिवस त्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या. हल्ली नीट टेकून बसतात.

मित्रमैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत माझ्या डब्यात तुम्ही बिनधास्त हात घालायचात. ख्रिस्ती घरचा डबा म्हणून कोणी मागे सरल्याचं मला आठवत नाही. गुरुजनहो, ते आम्हांला कोणत्या तासाला शिकवलंत ते सांगता येणार नाही, पण शिकवलंत खरं. शिकलेलं मीच मध्ये विसरले होते. परभणीला भेटू तेव्हा जेवायला एकाच पंगतीत बसू.