फाळाला धार, शेतीला आधार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

सटाणा : बागलाणातील काळ्या जमिनीत नांगरट करणाऱ्या शेतकऱ्याला फाळाची झीज नवी नाही. बोथट फाळ जमिनीत शिरत नाही, बैलांची दमछाक होते आणि ऐन मशागतीत काम थांबते. गावचा लोहार फाळ तापवून, ठोकून, पाणी देऊन पुन्हा उभा करीत असे. याच जिव्हाळ्याच्या प्रश्नाशी महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा आरंभ जोडलेला आहे, आणि त्या आरंभाचे नाव आहे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रकला आणि यंत्रांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यात डोळे कमी पडतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटन आत्मसात केले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावी परतले. तेथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले होतेच. आता त्याला कारखान्याची जोड मिळाली.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वर्षाचे पीक पणाला लावणाऱ्या शेतकऱ्याची ही साशंकता अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. तो विश्वास जाहिरातीने नव्हे, तर शेतात टिकणाऱ्या अवजारानेच मिळणार होता.

टिकाऊपणाची खरी कसोटी फाळावरच लागते. बीड संपूर्ण कठीण केले तर ते ठिसूळ होऊन दगडावर तुटते. मऊ ठेवले तर माती त्याला खाऊन टाकते. इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर उपाय शोधला होता. साच्याचा एक भाग धातूचा ठेवला, की वितळलेले बीड तेथे झटकन थंड होऊन त्याचा पृष्ठभाग अतिशय कठीण बनतो. वाळूच्या साच्याकडील भाग सावकाश निवतो व तुलनेने मऊ राहतो. असा फाळ वापरात वरच्या बाजूने आधी झिजतो, खालचा कठीण पापुद्रा टिकतो आणि धार आपोआप कायम राहते. वरून कठीण, आतून चिवट हेच झीज रोखण्याचे सूत्र ठरले. इंग्लंडहून येणाऱ्या अशा नांगरांशी स्पर्धा करीत देशी नांगर उभा करणे, हे लक्ष्मणरावांपुढील आव्हान होते.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन व बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळशाची टंचाई झाली, तरी कारखाना चालू राहिला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पुढे पंपांचे उत्पादनही सुरू झाले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, हेही त्या काळाच्या मानाने मोठे पाऊल होते.

आज कारखान्यांत सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले पोलाद डायमध्ये दाबून क्रँकशाफ्टसारखे भाग घडविले जातात. तेथेही डायला उष्णतेने चिरा पडतात आणि तप्त धातूच्या घर्षणाने ती झिजते. म्हणून अमोनिया वायूत साधारण ५०० अंशांवर तापवून तिच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरविला जातो. या प्रक्रियेला नायट्रायडिंग म्हणतात. जास्त झिजणाऱ्या जागी कठीण धातूचा थर वेल्डिंगने चढवितात. एक डाय अधिक काळ टिकली, तर यंत्र कमी वेळा थांबते आणि प्रत्येक नगाचा खर्च उतरतो. प्रक्रिया निराळ्या असल्या, तरी सूत्र फाळाचेच आहे.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. तथापि, लोखंडाला विष मानणारा शेतकरी पुढे लोखंडी नांगरच मागू लागला, ही त्यांच्या कार्याची सर्वांत मोठी पावती म्हटली पाहिजे.