मार्कोनी आणि मातीतली तार

गुग्लिएल्मो मार्कोनी हे नाव उच्चारले की आकाशात झेपावणारा मनोरा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांच्या यशाचा निम्मा भाग मात्र जमिनीत पुरलेला होता.

१८७४ साली इटलीतील बोलोन्या येथे सधन घराण्यात जन्मलेल्या मार्कोनींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. १८९५ मध्ये वडिलांच्या वाड्यात प्रयोग करताना त्यांनी प्रेषकयंत्राचे एक टोक उंचावर नेले, तर दुसरे मातीतील धातूच्या पत्र्याला जोडले. संदेश टेकडीपलीकडे, सुमारे अडीच किलोमीटरवर पोहोचला. पुढे इंग्लंड, पेटंट, कंपनी हे सारे झपाट्याने घडले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर त्यांनी अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकल्याचे जाहीर केले. या दाव्याविषयी काही अभ्यासकांना शंका आहे. तेथे वर पतंगाला बांधलेली तार होती आणि खाली पुरलेले जस्ताचे पत्रे. घाईच्या कामाला जस्त ठीक. कायमच्या केंद्राला नव्हे, कारण ओलसर, आम्लयुक्त मातीत ते झिजत जाते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेचेही तेच. मुलामा गेला की गंज चढतो. शिवाय उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या केवळ पृष्ठभागावरून वाहतो आणि चुंबकीय लोखंडात हा थर अधिकच पातळ होतो, त्यामुळे शक्ती वाया जाते. अॅल्युमिनियम उत्तम वाहक खरे, पण क्षारयुक्त जमीन त्याला खाऊन टाकते. उरते ते तांबे. महाग, चोरांचे लाडके, तरीही बहुतेक मातीत दशकानुदशके टिकणारे.

१९०९ मध्ये मार्कोनींना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९२७ साली त्यांच्या लघुलहरी 'बीम' पद्धतीने इंग्लंड व हिंदुस्थान जोडले गेले. प्रेषण पुण्याजवळच्या खडकीहून होई, ग्रहण दौंडला. उत्तरायुष्यात त्यांनी मुसोलिनीच्या पक्षाची साथ केली. या थोर संशोधकाच्या चरित्रातला तो डाग पुसता येत नाही.

जमिनीखाली नेमकी किती तार लागते, याचे मोजमाप दुसऱ्यांनीच केले. अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरून पाहिले, की तारा मोजक्या असतील तर बरीच शक्ती माती तापवण्यात जाते. तारेच्या जाडीपेक्षा तारांची संख्या व लांबी मोलाची ठरली आणि मध्यमलहरी केंद्रांसाठी १२० तारांचा प्रघात रूढ झाला. हा निबंध जून १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. २० जुलैला रोममध्ये मार्कोनींचे निधन झाले आणि त्यांना मानवंदना म्हणून अनेक देशांतील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली.