विश्लेषण : पहिल्यांदाच मेकअप करताय? बालगंधर्वांचा रंगपट काय शिकवतो?

टेंभुर्णी, कंदर, केत्तूर... उजनी जलाशयाच्या परिसरातल्या गावांत शाळेचे गॅदरिंग किंवा घरचे लग्न आले, की पहिल्यांदाच मेकअप करणाऱ्यांची धांदल उडते. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून फाउंडेशन लावले जाते आणि मंडपात गेल्यावर चेहरा पांढरा, मान सावळी असा प्रकार होतो. मराठी रंगभूमीवर सौंदर्याचा मापदंड ठरलेल्या एका कलावंतानेही चेहरा रंगवण्याची सुरुवात कधीतरी शून्यापासूनच केली होती. ते होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

सुरुवात कशी झाली?

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणरावांचे लहानपणीचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगितले जाते. त्या काळी नावाजलेल्या नाटक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि नायिकेची जागा रिकामी झाली. १९०५ मध्ये मिरजेत ‘शाकुंतल’मधली शकुंतला म्हणून नारायणराव उभे राहिले. वय अवघे सतरा.

तेव्हाचा मेकअप इतका भडक का?

रंगपटात तेव्हा सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ असे साहित्य असे. (हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे. आज ते चेहऱ्याला लावू नये. कोणतेही नवे उत्पादन आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहावे.) रंगमंचावर रॉकेलच्या आणि गॅसच्या दिव्यांचा पिवळसर उजेड, तोही बराचसा पायाकडून वर येणारा. अशा उजेडात गालांची लाली फिकी पडते आणि नाक-डोळ्यांच्या नेहमीच्या सावल्या पुसल्या जातात. म्हणून भुवया ठळक, डोळ्यांच्या कडा लांबवलेल्या. शेवटच्या रांगेला चेहरा दिसला पाहिजे, असा साधा हिशेब होता. तोच चेहरा हातभर अंतरावरून मुखवटा वाटला असता.

लग्नात पाहणारा हातभर अंतरावरच असतो. त्यामुळे ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेला थर दुपारच्या उन्हात उघडा पडतो. फाउंडेशनची छटा मनगटावर नाही, तर जबड्याच्या कडेला लावून दारात, दिवसाच्या उजेडात पाहावी. मानेत मिसळली ती आपली. गोरे दिसण्यासाठी मुद्दाम उजळ छटा घेणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, मग फाउंडेशनचा पातळ थर, काजळ आणि हलकी लिपस्टिक, पहिल्या वेळेला एवढे पुरते.

साज उतरवल्यावर काय झाले?

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. शालू, अत्तरे, गालिचे यांवर पाण्यासारखा पैसा गेला आणि पुढे मंडळी कर्जात बुडाली. बालगंधर्वांची साडी नेसण्याची, केसांत फुले माळण्याची ढब पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे करू लागल्या होत्या. तरीही १९१९ मध्ये ‘एकच प्याला’त दारुड्याची बायको सिंधू साकारताना त्यांनी दागिने बाजूला ठेवले आणि ठिगळाची साडी नेसली. सजलेले बालगंधर्व पाहायला आलेल्या प्रेक्षकासमोर हे करणे मोठी जोखीम होती. सिंधू त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरली.

मंगळवेढ्याची कान्होपात्रा आणि कॅमेरा

उजनीतून सुटलेले पाणी भीमेने पंढरपूरकडे जाते. तिथून जवळच्या मंगळवेढ्याची संत कान्होपात्रा १९३१ मध्ये ‘संगीत कान्होपात्रा’तून रंगमंचावर आली. कान्होपात्रेच्या कथेत तिचे रूपच तिच्यावरचे संकट होते. ती तरुणी साकारणारे बालगंधर्व तेव्हा त्रेचाळिशीच्या आसपास होते. रंग, दिवा आणि प्रेक्षकापासूनचे अंतर यांनी वय झाकले. उरलेले काम गळ्याने केले.

कॅमेऱ्याने मात्र हे अंतरच संपवले. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून दिसले. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेष घेतला, पण चित्रपट चालला नाही. पडद्यावर स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या होत्या आणि नाटकांचा प्रेक्षक बोलपटाकडे वळला होता. स्त्रीवेषाचा काळ सरत आला होता. बालगंधर्वांना ते उमगले असेलही, पण त्यांनी रंगभूमी सोडली नाही.

१९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ चित्रपट आला. त्यात सुबोध भावे यांचा चेहरा घडवणारे रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.