मातीचे थर वाचणारे सांकलिया

सम्राट अशोकाच्या पूर्वी महाराष्ट्रात कोण राहत होते, याविषयी इतिहास बराच काळ जवळजवळ मुका होता. त्याला बोलते केले डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी. त्यांचा जन्म १९०८ साली मुंबईस झाला. प्रकृती लहानपणापासून तोळामासा. तरी लंडनला जाऊन त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली आणि व्हीलरसाहेबांच्या हाताखाली उत्खननाची शिस्त अंगी बाणविली. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मात्र मध्ये जुना खड्डा किंवा उंदराचे बीळ आले, तर फार जपावे लागते. थर एकदा मिसळले, की मोलाची वस्तूही काही सांगत नाही.

१९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. १९५४ पासून त्यांनी प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले. नदीच्या दरडीत, गोट्यांच्या थरात, अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. पांढरीच्या टेकाडात वर मध्ययुगीन वस्ती, तिच्याखाली सातवाहनकालीन आणि तळाशी ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची घरे! त्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुले आढळली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी आपली गेलेली लेकरे घरातच, पायांजवळ ठेवली होती. त्यानंतर कित्येक शतके ते टेकाड ओसाड होते, हेही थरांनीच दाखविले.

सांकलिया १९८९ साली पुण्यास निवर्तले.