फादर सांतापाव

वाघाचें रान तुटलें तर तो दुसऱ्या रानाचा आश्रय शोधूं शकतो. परंतु कड्याच्या कपारींत रुजलेल्या रोपट्यास पळतां येत नाहीं. त्याची जागा गेली कीं तेंही गेलें. म्हणून दुर्मिळ वनस्पतींचें रक्षण करावयाचें तर त्यांचीं घरें कोठें आहेत हें प्रथम जाणलें पाहिजे. या कामीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचें हें अल्प चरित्र.

त्यांचा जन्म 5 डिसेंबर 1903 रोजीं स्पेन देशांतील ला गालेरा या गांवीं झाला. जेझुइट संघाचे सभासद म्हणून ते 1928 मध्यें भारतांत आले. पुढें लंडन येथें वनस्पतिशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन 1940 मध्यें ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत अध्यापक झाले.

खंडाळ्याचा घाट त्यांनीं वर्षानुवर्षें पायांखालीं घातला. पावसाळ्यापुरतीं उगवणारीं इवलीं रोपें असोत, कीं सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी असो. कोणती वनस्पति कोठें व केव्हां फुलते हें ते बारकाईनें टिपून ठेवीत. या श्रमांचें फळ म्हणजे खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा 1953 सालचा ग्रंथ. पुढें त्यांनीं पुरंदरच्या वनस्पतींवरही ग्रंथ लिहिला.

1954 मध्यें भारत सरकारच्या वनस्पति सर्वेक्षण खात्याचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढें ते संचालकही झाले. एका घाटांत केलेलें काम आतां देशभर करावयाचें होतें. 1967 मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. 1969 मध्यें नवी दिल्ली येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण परिषदेसाठीं त्यांनीं निबंध लिहिला. त्याचा विषय होता संकटांतील वनस्पति व त्यांचीं वसतिस्थानें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, 13 जानेवारी 1970 रोजीं, त्यांचें निधन झालें.

महाराष्ट्रांतील कंदीलपुष्पाच्या एका दुर्मिळ जातीस त्यांचें नांव दिलें आहे. 2012 मध्यें पश्चिम घाटांतील 39 स्थळें जागतिक वारसा म्हणून घोषित झालीं. साताऱ्याजवळील कासचें पठार त्यांपैकींच एक. अशीं स्थळें निवडतां येतात, तीं कोणीतरी आधीं उन्हापावसांत हिंडून नोंदी केल्या म्हणूनच.

आपल्या वडनेरच्या शिवारांतही धुरे आहेत, नाल्यांचे कांठ आहेत. तेथील रानभाज्यांचीं व वेलींचीं नांवें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असतात. पालकांनीं तीं मुलांस सांगावीं, आणि विद्यार्थ्यांनीं तीं ठिकाणासह वहींत उतरून घ्यावीं. ज्या रोपट्याचें नांव व ठिकाण कोणास ठाऊक नाहीं, तें नाहींसें झालें तरी कोणास कळत नाहीं.