द्वारकेवर गोळे पडले तेव्हा

ओखामंडळ आम्हा बडोदेकरांना कधीच परके वाटले नाही. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत द्वारका आपल्याच मुलखात होती, आणि ओख्याचे बंदर तर सयाजीराव महाराजांनी उभारलेले. म्हणूनच ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्याची वार्ता आली, तेव्हा आमच्या घरी वडीलधाऱ्यांनी पहिला प्रश्न केला तो देवळाचा. मी त्या वेळी शाळकरी होतो. देऊळ सुखरूप होते. बहुतेक गोळे मोकळ्या, मऊ जमिनीत पडले होते. मग दुसरा प्रश्न आला : आपले आरमार कोठे होते?

हा प्रश्न ज्यांना ऐकून घ्यावा लागला, ते नौदलप्रमुख मराठीच होते : व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. जन्म ३० मार्च १९१३ चा. इंग्रजी अमदानीत भारतीयांना आरमारात अधिकारपद मिळणे दुर्मीळ, त्या काळात ते या सेवेत शिरले. दुसरे महायुद्ध त्यांनी रॉयल इंडियन नेव्हीत अधिकारी म्हणून पाहिले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी भारतीय ताफा त्यांच्या हुकमतीखाली होता. अंजदीव बेटावर सात नौसैनिक कामी आले. जून १९६२ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. कटारींनंतरचे हे दुसरे भारतीय प्रमुख.

पासष्टच्या युद्धात ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. ‘तलवार’ यंत्रातील बिघाडामुळे ओख्यातच अडकली होती. परंतु खरी अडचण निराळी होती. समुद्रावर युद्ध वाढू नये अशी सरकारची इच्छा. शिवाय अंदमानची चिंता. नौदलाने पोरबंदरच्या उत्तरेस जाऊ नये, असा हुकूम सुटला. नकाशा पाहिला तर ध्यानात येईल, की द्वारका त्या रेषेच्या उत्तरेस आहे!

सोमणांना हे पटले नाही. त्यांनी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आणि पुढे पंतप्रधान शास्त्रींकडेही आपले म्हणणे मांडले. निर्णय बदलला नाही. तेव्हा त्यांनी हुकूम पाळला.

मार्च १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्या वेळी सोमण अधिकारपदावर नव्हते. ते यश दुसऱ्यांच्या हातून झाले. पासष्टची हकीकत त्यांनी पुढे नौदलाच्या इतिहासासाठी सांगितली, म्हणून ती आपल्याला कळते. ८ फेब्रुवारी १९९५ रोजी ते वारले.

पासष्ट साली आमच्या ओटीवर ‘आरमार झोपले होते’ असे मोठ्या आवाजात बोलले गेले. मीही मान डोलावली होती. आता वाटते, हाती तलवार असून ती म्यानात ठेवण्याची आज्ञा पाळणे, आणि वर लोकांचे बोल सोसणे, हीसुद्धा एक लढाईच होती. तिचे श्रेय बडोदेकरांनी तरी त्यांना द्यावे.