पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री आणि अवघड इंग्रजी शब्द

मे महिना लागला की आमच्या मालवणच्या घरात पिकत घातलेल्या आंब्यांचा वास आणि नातवंडांचा गलबला एकदमच शिरतो. यंदा थोरली नात आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. परदेशातल्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी तिला इंग्रजीतले अवघड शब्द अर्थांसह पाठ करायचे होते. दुपारी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून ती शब्द म्हणे, अर्थ सांगे आणि मी पुस्तकात बघून मान डोलावी. एकदा ‘इफेमरल’ हा शब्द आला. त्याचा इंग्रजी अर्थ तिने न अडखळता सांगितला. मी सहज विचारले, की हेच मागीलदारी आमसुले वाळत घालणाऱ्या मावशींना सांगायचे झाले तर कसे सांगशील? पोर एकदम गप्प झाली.

तिला हसण्याचा मला मुळीच अधिकार नव्हता. बँकेत अधिकारी असताना खात्याच्या परीक्षेत ‘हायपोथिकेशन’ या शब्दाची व्याख्या मी अशीच घडाघडा लिहिली होती आणि चांगले गुणही मिळवले होते. पुढे किनाऱ्यावरच्या एका शाखेत असताना एक तांडेल होडीसाठी कर्ज घ्यायला आला. सह्या करताना त्याने एक साधा प्रश्न विचारला. बायकोचे दागिने तारण ठेवले तेव्हा ते तुम्ही तिजोरीत ठेवून घेतलेत. होडी तर माझ्याकडेच राहणार, मग ही सही कशाला? मला व्याख्या आठवली, पण मराठी वाक्य काही सुचेना. रीतच आहे, असे काहीसे पुटपुटून मी वेळ मारून नेली. दोन वर्षांनी हप्ते थकले. होडीचे इंजिन विकून त्याने मुलीचे लग्न उरकले होते. होडी आपल्या ताब्यात आहे म्हणजे ती मोकळीच आहे, असे तो धरून चालला होता. नोटीस हातात घेऊन तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला, तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर शाखेतल्या एका जुन्या कारकुनाने मला त्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणतात ते सांगितले: नजरगहाण. वस्तू धन्याकडे, नजर सावकाराची. सगळा कायदा एका शब्दात आला होता. चूक तांडेलाची नव्हती. मला शब्द येत होता, अर्थ येत नव्हता.

तेव्हापासून आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बाळशास्त्री जांभेकर हे नाव आपण शाळेत पाठ करतो ते मराठीतले पहिले वृत्तपत्रकार म्हणून. दर वर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, पोंभुर्ल्याच्या स्मारकापाशी हार पडतात, भाषणे होतात. पण मला बाळशास्त्री दिसतात ते अवघड इंग्रजी शब्दापुढे बसलेला एक विद्यार्थी म्हणून.

आजच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावी १८१२ साली त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि बाळशास्त्री सहा वर्षांचे असताना पेशवाई बुडाली. बाहेर राज्य असे बदलत होते. घरात मात्र संस्कृतचेच राज्य होते. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक. पुराणिकाचे काम नीट पाहिले तर ते अर्थ सांगण्याचेच काम आहे. श्लोक संस्कृतातला आणि समोर बसलेली मंडळी शेतकरी, बायाबापड्या, पोरेबाळे. नुसता श्लोक म्हणून भागत नाही. तो ओसरीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला कळावा लागतो. इंग्रजीची मुळाक्षरे शिकण्यापूर्वी बाळशास्त्रींनी घरात ही रीत पाहिली असणार.

१८२५-२६ च्या सुमारास हा मुलगा मुंबईला आला. बापू छत्रे, म्हणजे सदाशिव काशिनाथ छत्रे, यांचा त्याला आधार मिळाला. ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ मराठीत आणणारे हे गृहस्थ बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी होते. या सोसायटीच्या शाळेत बाळशास्त्री इंग्रजी आणि गणित शिकले. आज माझ्या नातीच्या हातात मोबाईल आहे. शब्द टाकला की अर्थ, उच्चार, उदाहरणे, सगळे समोर येते. बाळशास्त्रींच्या वेळी काय होते? व्हान्स केनेडी याचा १८२४ चा छोटा कोश होता. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. पण तो मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगणारा. इंग्रजी पुस्तकात अडलेल्या माणसाला त्याचा उपयोग उलट्या बाजूने. अशा काळात विशीही न गाठलेला हा तरुण १८३० साली सोसायटीचा डेप्युटी सेक्रेटरी झाला आणि दोनच वर्षांनी बापूंच्या जागेवर बसला.

आणि त्याच १८३२ साली, ६ जानेवारीला, ‘दर्पण’ निघाले. वय वर्षे वीस. मुंबईत गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून चालू होते. मराठीत असे काही नव्हते. ‘दर्पण’ सुरुवातीला पाक्षिक होते, मे महिन्यापासून साप्ताहिक झाले. पण त्याची खरी गंमत त्याच्या मांडणीत होती. पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. सरकारातल्या साहेबांना इथल्या लोकांचे म्हणणे कळावे आणि इथल्या लोकांना नव्या विद्येची, जगातल्या घडामोडींची ओळख व्हावी, असा दुहेरी हेतू.

वाचकहो, या दोन रकान्यांची थोडी कल्पना करून पाहा. इंग्रजी शिकलेला माणूस एरवी अवघड शब्द आला की तो तसाच ठोकून देतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. माझ्या टेबलापुढे नेमके हेच झाले होते. दोन रकान्यांत ही सोय नाही. डावे-उजवे एकमेकांच्या साक्षीला उभे. इंग्रजी जाणणारा वाचक मराठी ताडून बघणार, मराठी वाचणाऱ्याला काही कळले नाही तर तो अंक बाजूला ठेवणार. जी वस्तू, जी संस्था, जो विचार वाचकाने उभ्या जन्मात पाहिलेला नाही, त्याला मराठीत नाव द्यायचे आणि तेही दर अंकाला, छापखान्याची घाई सांभाळून. विधवांचा पुनर्विवाह, स्त्रियांचे शिक्षण, शास्त्रीय शोध असे विषय बाळशास्त्रींनी या पत्रातून लोकांपुढे मांडले. साडेआठ वर्षे, १८४० पर्यंत, हे काम चालले.

मधल्या काळात ते अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक होते. १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही पिढी याच संस्थेतून बाहेर पडली. फारसी, बंगाली, गुजराती, फ्रेंच, लॅटिन अशा अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. माणूस एवढा शिकला म्हणजे त्याचे बोलणे दुर्बोध व्हायचे, असा आपला अनुभव. यांचे उलटे झाले. त्यांनी लहान मुलांसाठी ‘बाळव्याकरण’ लिहिले, ‘नीतिकथा’ लिहिल्या, इंग्लंडच्या इतिहासाला ‘इंग्लंड देशाची बखर’ असे नाव दिले. बखर हा शब्द घरोघर ठाऊक होता. त्या ओळखीच्या दारातून त्यांनी अनोळखी देश आत आणला.

गणितातल्या डिफरन्शियल कॅल्क्युलस या शाखेवर त्यांनी पुस्तक केले, त्याचे नाव ‘शून्यलब्धि’. फरक कमी कमी होत शून्याकडे जातो आणि तिथे जे हाती लागते त्याचे हे गणित. हा शब्द पुढे मागे पडला, आज आपण कलनशास्त्र म्हणतो. पण एवढे नेमके नाव सुचायला आधी ते गणित पुरते पचलेले असावे लागते. १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यांनी भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास हे विषय मराठी वाचकाच्या ओसरीवर नेऊन ठेवले.

अर्थ सांगणाऱ्याला नेहमी टाळ्याच मिळतात असे नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहिला. कोर्टाच्या निकालाने मुलगा बापाकडे परत आला, पण जातीत त्याला घेईना कोणी. बाळशास्त्री त्या पोराच्या पाठीशी उभे राहिले. एका बाजूला मिशनरी, दुसऱ्या बाजूला स्वतःच्याच जातीतले कर्मठ, आणि मध्ये हे. सनातन्यांचा रोष त्यांनी सोसला, पण पाऊल मागे घेतले नाही. दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभा राहणारा माणूस दोन्हीकडून बोल खातो, हेही त्या कामाचे मोल होते.

१८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. ही तिची पहिली मुद्रित आवृत्ती. इंग्रजीत मुरलेल्या माणसाचे शेवटचे मोठे काम हे असावे, याचे पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. ज्ञानेश्वरी तरी काय आहे? संस्कृत न येणाऱ्यांना गीतेचा अर्थ सांगण्यासाठीच ती सांगितली गेली. पुराणिकाच्या मुलाने आपले कुलदैवत बरोबर ओळखले होते.

मे १८४६ मध्ये बाळशास्त्री वारले. वय अवघे चौतीस. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला मोठा इंग्रजी-मराठी कोश निघाला तो १८४७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने. ज्या पुस्तकाची त्यांना पोरवयापासून गरज होती, ते त्यांच्या हाती कधी पडलेच नाही. कोश नव्हता म्हणून ते थांबले नाहीत. एका परीने तेच आपल्या वाचकांचा कोश झाले. पुढे आमच्या मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेले, तेव्हा ही वाट मळलेली होती.

नातीला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. तरुण मुलांना एवढा उपदेश पचत नाही. फक्त म्हटले, की रोज पन्नास शब्द पाठ कर, पण त्यातले पाच मराठीत कोणाला तरी समजावून दे. दोन दिवसांनी मागीलदारी बोलणे ऐकू आले. ती मावशींना इफेमरल म्हणजे काय ते सांगत होती आणि काही केल्या जमत नव्हते. मावशींनी हातातले सूप खाली ठेवले आणि विहिरीजवळच्या अळवाकडे बोट दाखवले. पानावर पाण्याचा एक थेंब डुलत होता.

अळवावरचे पाणी! नातीने तो अर्थ पुस्तकाच्या समासात मराठीत लिहून ठेवला आहे. छापील इंग्रजी अर्थाच्या अगदी शेजारी.